मामाच्या जागी

आई,

काल मी मामा झाले. हसू नकोस. चोपन्न वर्षांची बाई, गुडघे दुखतात, चष्म्याचा नंबर दर वर्षी वाढतो, आणि काल पलूसच्या एका अंगणात पाटावर मांडी घालून बसले होते, मांडीवर दोन वर्षांची एक पोरगी, समोर वस्तऱ्याला धार लावणारा न्हावी. जावळ होतं तिचं. जावळाला पोर मामाच्या मांडीवर बसतं, हे तुला मी काय सांगणार? पण या पोरीच्या आईला भाऊच नाही. म्हणून तिची आजी पंधरा दिवसांपूर्वी दवाखान्यात आली, काकवीची बाटली माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "आवं शिस्टरबाई, सुनंचा एक चुलतभाऊ हाय, पन त्यो मिल्ट्रीत. त्याला सुट्टी न्हाई. तवा मामाच्या जागी तुमीच बसा. तुमीच वाचवलीया पोरीला." मी लगेच हो म्हणाले, आणि ती गेल्यावर मात्र माझं कामात लक्ष लागेना. कारण हे 'तुमीच वाचवलीया' मी दोन वर्षं ऐकत होते, आणि दर वेळी एक गोष्ट गिळून टाकत होते. तुला जाऊन एकवीस वर्षं झाली. तुझ्यापुढे ती गोष्ट काढायला आता हरकत नाही, तू उठून कानाखाली तर मारणार नाहीस.

नाहीतरी माझं अर्धं नर्सिंग तुझ्या बोलण्यातून आलंय. औंधच्या अलीकडच्या त्या लहानशा दवाखान्यात तू आया होतीस, आणि मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, नवा पांढरा ड्रेस घालून सुट्टीत तुला भेटायला आलेली. बाळंतिणीच्या खोलीत मदत करते म्हणाले. नुकतं जन्मलेलं पोर वजनकाट्यावर उघडंच ठेवून मी पेन शोधत होते. तू हातातली बादली खाली ठेवलीस, पोर पदरात गुंडाळून छातीशी धरलंस, आणि खोलीतल्या चारही बाळंतिणींच्या देखत मला म्हणालीस, "आगं ए शिकलेले, पोरगं गार पडलं म्हंजी हातचं गेलं. तुझा पेन काय पळून जातोय व्हय?" त्या चौघी अशा हसल्या की मी रडत बाहेर गेले. पण त्या दिवसापासून माझ्या हातून एक बाळ गार पडलं नाही, आई. पोट आणि तळपाय पालथ्या हाताने चाचपायचे, दोन्ही गरम लागले की बरं, हे तुझंच. पुढे पुस्तकातही तेच निघालं, तेव्हा मला पुस्तकाचा आदर वाटला.

तुझी दुसरी शिकवण म्हणजे नवी वस्तू वापरायची नाही. तू माहेरची मेंढरांमागं फिरलेली, सामान म्हणजे घोड्यावर मावेल तेवढंच, म्हणून असेल. आपल्या घरात सहा काचेचे ग्लास होते आणि आम्ही पाणी पितळेच्या तांब्याने प्यायचो. मी पास झाले तेव्हा तू मला सेकंदकाट्याचं घड्याळ घेतलंस, नाडी मोजायला. आणि ते हातात देताना म्हणालीस, "रोज घालू नगं, झिजंल." मी खरंच नाही घातलं. लग्नाकार्यात तेवढं घालायचे आणि वॉर्डात नाडी मोजायला बाजारातून साधं प्लॅस्टिकचं आणलं. तुझं घड्याळ अजून नव्यासारखं आहे. यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही. टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी, गाडीच्या सीटला वर्षभर तसंच कव्हर, सगळ्यांच्याच घरी हेच.

तर दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा आमच्या दवाखान्यातल्या बाळांच्या आयसीयूची इन्चार्ज झाले होते. तुला आवडला असता आमचा वॉर्ड. एका रांगेत वॉर्मर, म्हणजे बाळाचा उघडा पलंग आणि वरून आच देणारा हीटर. तुझ्या शेकशेगडीचाच शिकलेला भाऊ म्हण. या वॉर्मरला एक बारीक वायर असते, तिच्या टोकाला शर्टाच्या बटणाएवढी चकती. तिला प्रोब म्हणतात. ती बाळाच्या पोटावर चिकटवली की यंत्राला बाळाचं अंग किती तापलंय ते कळतं आणि ते आपली आच आपणच कमीजास्त करतं. चकती लावली नाही तर आच माणसाने ठरवायची. आता या वायरी फार नाजूक. बाळ उचलताना ओढल्या जातात, तुटतात, आणि एक तुटली की नवी यायला महिने लागतात, वर तीन कागद लिहावे लागतात. म्हणून मी काय केलं असेल ओळख. नव्या आलेल्या सगळ्या वायरी गुंडाळी करून, रबर लावून, पिशवीत घालून कपाटात ठेवल्या आणि किल्ली कमरेला लावली. आच आम्ही हातानेच ठरवायचो. बाहेरच्या पाहणीला कोणी आलं की वायरी बाहेर निघायच्या. पाहणीवाले गेले की परत कपाटात. मला माझ्या टापटिपीचा केवढा अभिमान होता!

मे महिना आहे. दुपारचा एक. बाहेर डांबर वितळतंय आणि रुग्णवाहिकेतून एक आजी उतरते, तिच्या हातात घोंगड्याचं गाठोडं. गाठोड्यात दुपटं, दुपट्यात आणखी एक दुपटं, आणि त्यात सहा तासांची मुलगी. जन्मली तेव्हा रडली नव्हती. नाळेचा वेढा होता, तिथल्या डॉक्टरांनी श्वास दिला, पाच मिनिटांनी ती कशीबशी कण्हली. मेंदूला तेवढा वेळ प्राणवायू मिळाला नव्हता. मी तिला घेतलं, वॉर्मरवर ठेवलं, आच वाढवली. पोट चाचपलं, गरम. तळपाय गरम. कागदावर 'गरम' लिहिलं आणि मला बरं वाटलं. दार लोटून आजी विचारत होती, "बाई, गार तर न्हाई ना लागत तिला? घोंगडं दिऊ का आत?" मी म्हणाले, "आजी, काळजीच करू नका. इथं गार काही पडत नाही."

तीन तास गेले. मुलगी ओठ चघळायला लागली, मग पाय सायकल मारल्यासारखे हलवायला लागली. नवी सिस्टर म्हणाली, खेळतेय बघा. खेळत नव्हती, ते झटके होते. इतक्या लहान बाळाला झटका येतो तो असाच येतो, फसवा. आमच्या डॉक्टरबाई धावत आल्या. मलकापूरची मुलगी, नुकतीच आलेली, माझ्या भाचीच्या वयाची. तिने झटक्याचं औषध दिलं, साखर तपासली, आणि मग तापमापी लावली. एकोणचाळीस अंश. तुझ्या हिशेबात एकशे दोनच्या वर ताप. मी म्हणाले, तापमापी बिघडली असेल. तिने दुसरी लावली. तीच संख्या. मी तिसरी मागवली तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "सिस्टर, प्रोब कुठंय?"

"कपाटात."

"का?"

"तुटू नये म्हणून."

आई, ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "चावी द्या." माझ्या कमरेची किल्ली निघेना, शेवटी तिनेच ती सोडवून घेतली. तिने वायर बाळाच्या पोटावर चिकटवली, आच उतरवली, आणि सगळं शांत झाल्यावर मला खुर्चीवर बसवून समजावलं. निरोगी बाळ, कमी वजनाचं बाळ, त्याला ऊब हवीच, त्यात, आई, तू आणि मी दोघी बरोबर आहोत. पण ज्याच्या मेंदूला असा मार बसलाय त्याचा मेंदू आतून सुजतो आणि अशा वेळी जास्तीची आच त्याची वैरी होते. मोठ्या शहरांत काही ठिकाणी अशा बाळांना यंत्रावर तीन दिवस मुद्दाम थंड ठेवतात. माझा चेहरा पाहून ती हसली. "आपण ते करायचं नाही सिस्टर. आपल्याकडे ते यंत्र नाही, तेवढी माणसं नाहीत, आणि अर्धवट केलं तर नुकसानच होतं. आपण एवढंच करायचं. तापवायचं नाही." तापवायचं नाही! तुझ्या मुलीला हे शिकायला तीस वर्षं नोकरी करावी लागली.

त्या दिवसापासून मी जी लागले ती लागले. कपाट रिकामं केलं. प्रत्येक पोटावर वायर, दर तासाला तापमान कागदावर, 'गरम' हा शब्द लिहायला बंदी. कोणतं बाळ ओठ चघळतंय, डोळे एका बाजूला फिरवतंय, पाय हलवतंय दिसलं की मोबाईलवर चित्रण करून डॉक्टरबाईंना दाखवायचं, खेळतंय म्हणून सोडायचं नाही. साखर वेळेवर बघायची. उगाच सारखं उचलायचं नाही. मग मी आजूबाजूच्या दवाखान्यांना फोन करायला लागले, न रडलेलं बाळ पाठवाल तर एका दुपट्यात पाठवा, वाटेत तापमान बघा आणि निघताना मला फोन करा. तिथली एक सिस्टर माझ्यावर चिडली. "बाई, गेल्या वर्षी तुमीच तर आमाला दोन दुपटी आन् टोपडं शिकवून गेलाय! आता तुमीच काढा म्हनताय? एकदा काय त्ये ठरवा की." खरंच होतं ते. मी गाडी काढून तिच्याकडे गेले आणि प्रोबची सगळी गोष्ट सांगितली. ती उठली आणि तिने तिच्या कपाटाचं दार उघडलं. आत तिच्याही वायरी, रबर लावून, पिशवीत. आम्ही दोघी पोट धरून हसलो, आणि हसताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते काही सगळं हसण्याचं नव्हतं.

मग ती गोष्ट माझीच होऊन गेली. साताऱ्याला प्रशिक्षण असो की सांगलीला, डॉक्टरबाई मला पुढे करतात. मी उभी राहते आणि सांगते, वायरी कुलपात ठेवणारी ती शहाणी इन्चार्ज मीच. सगळ्या हसतात आणि घरी जाऊन आपापली कपाटं उघडतात. टाळ्या मिळतात. आता आमच्याकडे येणारी बाळं तापलेली येत नाहीत, झटके लवकर ओळखू येतात, घरी जाताना प्रत्येक आईला पुढच्या तपासणीची तारीख देऊन आणि व्यायाम शिकवूनच सोडतो. चांगलं चाललंय, आई, खरंच चांगलं चाललंय. पण शेकडो नर्सांसमोर ऐटीत सांगितलेली ही गोष्ट मी एका माणसाला सांगितली नव्हती, आणि तेच माणूस दर तीन महिन्यांनी काकवी घेऊन माझ्या दारात येत होतं.

कारण ती मुलगी वाचली. नवव्या दिवशी आईचं दूध ओढायला लागली. मान उशिरा धरली, बसली उशिरा, दीड वर्षाची होऊन गेल्यावर चालली. डावी टाच अजून नीट टेकत नाही, तो पाय जरा ओढते, व्यायाम चालू आहेत. बोलायला मात्र कोणाला ऐकत नाही. आठ-दहा शब्द येतात, त्यातला 'नगं' सगळ्यांत मोठ्याने. तपासणीला आली की डॉक्टरबाईंच्या गळ्यातली नळी ओढते. आणि आजी दर वेळी तिचं डोकं माझ्या पायाशी वाकवते. मी दर वेळी म्हणते, अहो, राहू द्या. डॉक्टरबाईंना मी एकदा विचारलं होतं की पाय त्या तीन तासांमुळे असेल का. ती म्हणाली, "सिस्टर, मार जन्मतानाच बसला होता. त्यातलं किती कशामुळे, हे कोणीच सांगू शकत नाही." मला वाटलं होतं हे ऐकून सुटेन. तसं झालं नाही.

तर काल. सकाळच्या एसटीने पलूसला उतरले. अंगणात मांडव, चुलीवर मटण, पै-पाहुणे. मला टॉवेल-टोपी दिली, खरोखरचा मामा असल्यासारखी, आणि टोपी घातल्यावर सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. पोरगी माझ्या मांडीवर बसली, तिने आधी न्हाव्याचा कंगवा पळवला, मग वस्तरा बघून असा काही सूर लावला की शेजारची म्हैस ओरडायला लागली. "नगं! नगं! नगं!" केस खाली पडू नयेत म्हणून आत्या पदर पसरून बसली होती, तिच्या नाकावर एक लाथ बसली. ओढत्या पायाचीच बसली, आणि लाथ चांगली जोरात होती हे मी नर्स म्हणून नोंदवलं. शेवटी डोकं गुळगुळीत झालं, हळद-कुंकू लागलं, आणि रडून दमलेली पोरगी माझ्याच कुशीत तोंड घालून झोपली. माणसं जेवायला उठली. आजी पुठ्ठ्याने तिला वारा घालत माझ्याशेजारी टेकली आणि म्हणाली, "बाई, तुमचं लय उपकार हाईत."

तेव्हा मी सांगितलं. वायरी, कपाट, किल्ली, तीन तास. जशी नर्सांना सांगते तशी नाही, त्यात हसण्यासारखं काहीच निघेना. आजीचा पुठ्ठा थांबला. तिने पोरीचा डावा पाय तळहातावर घेतला. "ह्यो पाय त्यानंच आसा झालाय का?"

"माहीत नाही, आजी. असेल, नसेल. ती रडली नव्हती, तेव्हाच मार बसला होता. पण तीन तास मी तिला तापवलं, हे खरं आहे."

"डाक्टरबाईला ठावं हाय ह्ये?"

"आहे."

"आन् दुसऱ्या पोरांस्नी?"

"आता वायर लावल्याशिवाय एकाही पोराला त्या पलंगावर ठेवत नाही. कोणालाच ठेवू देत नाही."

ती उठली आणि घरात गेली. मला वाटलं, संपलं. चुलीकडे कोणाला तरी काही म्हणाली, ते ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने ताट घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवलं. "उठू नगा, जागी हुईल. हितंच जेवा." मी जेवत होते तेव्हा ती शेजारीच बसून होती. एकदाच बोलली, "आता तिच्या पायाकडं बगितलं की मला रोज ह्ये आठवनार बगा." मी म्हणाले, "मला दोन वर्षं आठवतंय." ती म्हणाली, "व्हय, तुमास्नी बी." आणि भाकरी वाढली. निघताना या वेळी तिने पोरीचं डोकं माझ्या पायाशी वाकवलं नाही. पोरगी जागी झाली होती, तिने आपणहून माझ्याकडे हात केले, आणि आजीने तिला माझ्याकडे दिली. पुढच्या तपासणीची तारीख विचारली. मी सांगितली.

आज माझी सुट्टी आहे. स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून हे लिहितेय, पाय दुखायला लागले तरी बसावंसं वाटत नाही. कुठे पाठवायचं नाही, त्यामुळे घाईही नाही. डॉक्टरबाईंना उद्या सांगेन की मी सांगून टाकलं, आणि ती म्हणेल, सिस्टर, केवढा धीर तुमचा. तिला तसं म्हणू देईन बहुतेक. तुला मात्र खरं काय ते सांगते. मी न सांगताच निघणार होते. पर्स जवळ ओढून ठेवली होती, दोनची एसटी धरायची असं मनात पक्कं होतं. पण पोरगी मांडीवर झोपली, आणि मला उठता येईना.